भोकं असलेली नाव

...आणि वर मलाच विचारते, "कंपनीने ठेवलेली भोकं तुम्ही काहून बुजवता?" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने सारी नोकरी इंजिनिअरिंग कॉलेजात वस्तू पाण्यावर का तरंगते हे शिकवण्यात घालवली, त्याने नावेच्या तळाला आरपार भोकं बघितली तर काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?

हे विचारणारी आमची बेबी. म्हणजे माझी बायको. लग्नात नाव बदलून गीतांजली ठेवलं होतं, तांदळात अंगठीने लिहिलंसुद्धा होतं मी, पण तांदूळ उचलले आणि नाव गेलं. नातवंडांची आजी झाली तरी बेबीच. तर बेबी म्हणते, "नावेला भोकं नाहीत, तुमच्या डोक्यात आहेत." माझंच चुकत असेल. पण भोक ते भोक!

तुम्हाला सांगतो, ही नाव मी मागितलेली नव्हती. आमचा गौरांग बंगलोरला असतो, त्याने वाढदिवसाला पाठवली. "बाबा, कयाक आहे, मासे पकडायची. ॲक्टिव्ह राहा." गोरखपूर म्हणजे आमच्या शहरातला एक मोहल्ला, तिथल्या आमच्या गल्लीत ट्रक शिरला, हमालांनी ती पिवळी धम्मक, दोन माणसांची, भेंडीसारखी लांब वस्तू अंगणात ठेवली, आणि शेजारची दीदी म्हणाली, "अंकलजी, वॉटर टँक लिया क्या?" मी म्हणालो हो. काय सांगणार? मला पोहता येत नाही. मासा मी ताटात ओळखतो, पाण्यात नाही.

आता ती भोकं. ह्या नावेत माणूस आत बसत नाही, वर बसतो. खालचा सगळा भाग पोकळ, बंद डब्यासारखा. भोकं म्हणजे वरपासून तळापर्यंत गेलेल्या नळ्या, वर लाटेचं पाणी आलं तर त्यांतून खाली निघून जातं. बसायची जागा पाण्याच्या पातळीच्या वर, म्हणून खालचं पाणी वर येत नाही. साधी गोष्ट. परीक्षेत कोणी असं लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. पण उत्तर बरोबर असणं वेगळं आणि त्या उत्तरावर बसणं वेगळं! मी एम-सील लावून भोकं बुजवली. मग वाटलं, पाणी आत साठलं तर? खरवडून काढली. मग वाटलं, वजन जास्त झालं आणि खालून पाणी आलं तर? पुन्हा बुजवली. बेबी म्हणाली, "अहो, एकदा काय ते ठरवा, नखं किती काळी झाली बघा."

ह्यात पुंडलिक आला.

पुंडलिक म्हणजे माझा शाळेतला मित्र. वडील दोघांचे विदर्भातून इथे आले, एक रेल्वेत, एक लष्कराच्या फॅक्टरीत. मी शिकत बसलो, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीला, त्याच फॅक्टरीत फिटर झाला. मला जगात 'अबे रत्न्या' म्हणणारा आता तो एकटाच उरलाय. बाकी सगळ्यांसाठी मी सर, नाहीतर अंकलजी. घराबाहेर ज्याच्याशी तोंडभर मराठी बोलावं असाही तोच. तो रविवारी गळ घेऊन काठावर बसायचा. जन्मभर काठावर. त्याची बायको, राधाबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्याची मुलगी अवंती नागपूरला चला म्हणून मागे लागली आहे. खोली तयार ठेवली, कूलर लावला. आणि ह्याने नाव बघितली, तिच्याभोवती एक चक्कर मारली, बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "रत्न्या, आपण दोघं ह्याच्यात बसून बरगी धरणाच्या पाण्यात मधात जाऊ. एकदा मधात जाऊन पाहतो, मग नागपूरले जातो. अवंतीले सांगून टाकतो, नाव झाली का मी आलो."

नाव झाली का मी आलो! ऐकलंत ना? नाव तर झालेलीच होती. कंपनीतून होऊन आली होती. पण मी म्हणालो, "अशी नाही नेता येणार. थोडं काम करावं लागेल." माझंच चुकत असेल, पण कोणीतरी सुरक्षेचा विचार करायला नको?

झालं, पुंडलिक रोज सकाळी रांझीहून मोटरसायकलवर यायला लागला. आधी गळाच्या काठ्या उभ्या करायला नळ्या. बाजारात तयार मिळतात, पण पुंडलिक म्हणाला, "विकत काहून घ्यायच्या बे, हात तुटले का?" प्लंबरचा पांढरा पाइप आणला, त्याचं तोंड रुंद करायला बेबीच्या गॅसवर धरला, आणि तो असा काही वास सुटला की कुकरमधल्या वरणालासुद्धा प्लास्टिकची चव आली. बेबीने दोघांना अंगणात काढलं, शेगडीसकट. मग मागे सामान ठेवायला भाजीवाल्याचं क्रेट. मग वल्हं पाण्यात पडू नये म्हणून त्याला जुन्या टेलिफोनची गुंडाळीची वायर. मग मासे कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र गौरांगने पाठवलं, तर त्याची बॅटरी भिजू नये म्हणून बेबीचा घट्ट झाकणाचा डबा. तिने विचारलं, "लोणच्याचा वास जाईल का त्याचा?" मी म्हणालो, माशांना काय फरक पडतो.

पण मुख्य काम म्हणजे नाव उलटू नये म्हणून दोन्ही बाजूंना पंख. म्हणजे आडवा दांडा, आणि त्याच्या टोकांना तरंगणाऱ्या बंद नळ्या. मी गणित केलं. दांडा बोटाएवढा जाड पुरतो असं उत्तर आलं. बरोबर होतं, तीनदा तपासलं. पण माझ्या हाताखालून उत्तर बरोबर निघालं की मला जास्तच भीती वाटते, म्हणून मी जाडी दुप्पट लिहिली. पुंडलिकने ड्रॉइंग घेतलं, कांचघर भागातल्या तुळशीराम वेल्डरकडे निघाला, वाटेत त्याला वाटलं, रत्न्या पुस्तकातला माणूस, त्याने कमीच लिहिलं असणार. त्याने दुप्पट सांगितली. तुळशीरामने जन्मभर गेट आणि ग्रिल केलेले. तो म्हणाला, "भैया, इतने पतले में तो चबूतरे की रेलिंग नहीं बनती," आणि त्याने आपल्या मनाने आणखी दुप्पट केली. दांडा आला तेव्हा दोघांनी उचलून आणावा लागला! अहो, आमच्या गावात निम्म्या लोकांची हयात रणगाडा अंगावरून गेला तरी वाकू नये अशा वस्तू बनवण्यात गेली. इथे हलकं काम कोणाला येतच नाही. हलकं म्हणजे कच्चं!

महिने गेले. दिवाळी झाली, होळी झाली. अवंतीचा फोन यायचा, पुंडलिक स्पीकरवर ठेवायचा. "बाबा, नाव झाली का?" हा माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "अवंती बेटा, सीटचा थोडा प्रश्न आहे." खरंच होता. पुढच्या वेळी, "अवंती बेटा, लंगराची दोरी बदलावी म्हणतो." खरंच म्हणत होतो! एकदा ती म्हणाली, "काका, खरं सांगा, तुम्ही नाव बनवून राहिले का धरण?"

त्या रात्री बेबीने दूध आणून दिलं आणि साधेपणाने विचारलं, "तुम्हाला पाण्याची भीती वाटते, का पुंडलिकभाऊंनी जाण्याची?" मी म्हणालो, काहीतरीच काय. तिने कप उचलला आणि गेली. आणि मी विचार करत बसलो. मला प्रत्येक गोष्टीत दोष दिसतो, हे जन्मापासून आहे. दिसतो म्हणून दिसतो, का दिसावा म्हणून बघतो, हे मला स्वतःलाच ठरवता येईना. एवढं शिकून काय उपयोग? माझंच चुकत असेल, असं स्वतःला म्हणालो, आणि सकाळी पुंडलिक आला तेव्हा सांगून टाकलं, "झाली नाव. येत्या रविवारी जाऊ."

त्याने नावेभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "दोरी?" मी म्हणालो, ठीक आहे. "सीट?" ठीक आहे. "अच्छा," म्हणाला. बस, अच्छा.

रविवारी छोटा हाथी, म्हणजे तो लहान टेम्पो, बोलावला. ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, इसमें इंजन कहाँ है?" बरगीच्या कडेला एका गावापाशी उतार आहे, तिथे नाव उतरवायला सहा माणसं लागली. बेबीने मला एकावर एक दोन लाइफ जॅकेट घातली होती. मान वळत नव्हती माझी. नाव पाण्यात ढकलली, आणि तुम्हाला सांगतो, काय तरंगली! राजेशाही. काठावर म्हशी घेऊन आलेला एक म्हातारा म्हणाला, "बहुत बढ़िया. मंडप है?"

पुंडलिक पुढे बसला. नाव खाली गेली. मी मागे एक पाय ठेवला, आणि भोकांमधून, जी मी शेवटी उघडीच ठेवली होती, पुस्तकावर विश्वास ठेवून, त्या प्रत्येक भोकातून एकेक कारंजं! पाणी घोट्यापर्यंत. पुंडलिक ओरडला, "काढ बे पाय, काढ!" मी काढला. कारंजी बंद. पुन्हा ठेवला. पुन्हा चालू. उत्तर अगदी स्वच्छ होतं. लोखंड, पुंडलिक आणि मी, ह्यातले दोनच बसू शकत होते.

मी म्हणालो, "तू जा. तुला मधात जायचं होतं ना, जा मधात. मी इथे काठावर थांबतो." जॅकेटमुळे मला त्याच्याकडे सरळ बघताही येत नव्हतं, ते बरंच झालं. तो उतरला. पँट गुडघ्यापर्यंत ओली. म्हणाला, "एकटाच जायचं असतं तर नागपूरची गाडी नव्हती का मले?" आणि पान्हे काढले. दोन तास आम्ही उघडत बसलो. दांडा गेला, पंख गेले, नळ्या, क्रेट, लंगर, लोणच्याचा डबा, सगळं काठावर, भंगाराच्या दुकानासारखं. तुळशीरामचा एक नट निघेना, त्यावर पुंडलिकने ज्या शिव्या दिल्या त्या मी शाळेनंतर ऐकल्या नव्हत्या. शेवटी कंपनीतून आली होती तशी राहिली, पिवळी, मोकळी, भोकांसकट.

बसलो. दोघंही. पाणी आलं नाही. एक थेंब आला नाही! वल्हं मारलं तर गेली. आपली आपण जावी तशी गेली.

मधात पोचलो. गळ काठावर, यंत्र काठावर. मासे खालून जात असतील, आपापल्या कामाला. आणि लक्षात आलं की बोलायला काही नाही. रोज बोलायचो, पण सगळं नटाबोल्टाचं. आता नट नाही. पुंडलिक पाठमोरा बसलेला, त्याचं टक्कल तेवढं मला दिसत होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "राधी म्हणायची, काठावर बसून काय दिसते तुले. एकदा मधात जाय." दोन वर्षांत त्याने तिचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदा काढलं. मागून खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण नाव हलेल अशी भीती वाटली. मग ठेवला. नाव हलली नाही.

अजिबात हलली नाही हो! तिथे, त्या पाण्याच्या मधोमध, पोहता न येणाऱ्या मला आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीची पूर्ण, शंभर टक्के खात्री झाली, की ही नाव उत्तम आहे. तिला काही करायची गरज नाही. कधी नव्हतीच.

काठाला आलो. पुंडलिक उतरला, पँट पिळली, खिशातून फोन काढला. अवंतीचा नंबर समोर धरला, लावला नाही. नावेकडे बघितलं. मान तिरपी करून बघितलं. खाली बसून एक डोळा मिटून बघितलं, फिटर बघतो तसं.

"रत्न्या," म्हणाला, "थोडी डावीकडे कलून राहिली ना बे?"

मी बघितलं. नाव काचेवर ठेवल्यासारखी सरळ होती. ह्या विषयात मी डॉक्टरेट केली आहे हो! कलणं म्हणजे काय, कधी, किती, का, ह्यावर माझा आख्खा प्रबंध आहे.

तो माझ्याकडे बघत होता. फोन तसाच हातात.

मी म्हणालो, "कलते तर. बरीच कलते."