पाचच मिनिटं

(गाद्या-उश्यांच्या कंपनीतली स्टोअररूम. आतून कडी.)

मॅडम : दार उघड. आत आहेस, माहितीये मला.

सेल्समन : मी नाहीये, मॅडम.

मॅडम : मग बोलतंय कोण? उशी?

सेल्समन : राजीनामा मेल करतो. हॉटेलचे साहेब गेले का?

मॅडम : चहा पितायत. ऑर्डर अजून द्यायचीये त्यांना. उघड आधी.

सेल्समन : या. पण दिवा नका लावू.

मॅडम : अरे, उशी दाखवायची होती. तू झोपलास तिच्यावर!

सेल्समन : नुसतं डोकं टेकवून दाखवत होतो हो.

मॅडम : आणि घोरलास.

सेल्समन : जुळी आहेत ना घरी. एक झोपलं की दुसरं भोकाड पसरतं.

मॅडम : मग सांगायचं नाही का? दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं.

सेल्समन : घोरण्याचं सोडा. तुम्ही हलवलंत, आणि मी सगळ्यांदेखत तुम्हाला...

मॅडम : "आई, झोपू दे ना."

सेल्समन : बोलू नका! मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे उघडतो तर अख्खी खोली खदाखदा हसतेय मला. पळालोच.

मॅडम : सरक. मलाही बसू दे.

सेल्समन : तुम्ही कशाला?

मॅडम : ते तुला नाही हसले.

सेल्समन : मग?

मॅडम : तू आई म्हणालास, आणि मी तुझ्या केसांतून हात फिरवत म्हणाले, "बरं राजा, पाचच मिनिटं हं."

सेल्समन : ...राजा?

मॅडम : हसू नकोस.

सेल्समन : छे! ठसका लागला.

मॅडम : मुलगा होस्टेलला गेला गेल्या महिन्यात. सकाळी उठवायला कुणी नाही घरात. तोंडात बसलेलं वाक्य, निघून गेलं. ज्यांना रोज दरडावते त्यांच्यासमोर! आता कुठल्या तोंडानं जाऊ आत?

सेल्समन : म्हणजे तुम्हीपण पळून आलात?

मॅडम : तुला शोधायला जाते म्हणाले.

सेल्समन : मी सांगतो, माझी लाज राखायला मॅडम मुद्दाम तसं बोलल्या.

मॅडम : पटेल त्यांना?

सेल्समन : अजिबात नाही. पण मी आत गेलो की मलाच हसतील. तुमचं विसरतील.

मॅडम : आणि राजीनामा?

सेल्समन : ऑर्डर मिळाल्यावर बघू. ती उशी द्या इकडे.

मॅडम : दुसरी घे. ही मी घेतलीये डोक्याखाली.

सेल्समन : मॅडम, चला ना. साहेब थांबलेत.

मॅडम : तू हो पुढे. येतेच मी... जरा वेळानं.

सेल्समन : बरं. पाचच मिनिटं हं.