हे त्यांना सांगू नका

—गुरुवारी नाही आणि दुसऱ्या कुठल्याही वारी नाही. यशपालबाबू, तुम्ही पोर्ट लुईहून मोंतान्य ब्लांशपर्यंत आलात, घर विचारत विचारत आलात, म्हणून चहा दिला. चहा म्हणजे होकार नव्हे. बसा, बसा, उठायला नाही सांगितलं. दवाखान्यात दुभाषी पाहिजे ना तुम्हाला? माझ्या शाळेत आणखी दोघी शिकवतात, दोघींना इंग्रजी येतं—काय? त्या म्हणाल्या कामिनीलाच विचारा? म्हणणारच! त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून शिव्या खायच्या नाहीत. आणि तुम्हाला आरोग्य खात्यात काय सांगितलं माझ्याबद्दल? सांगा की, मी चावत नाही. तापट? बरं. पुढे? 'लोकांना भडकवलं'—हां, तेच ऐकायचं होतं. तुम्ही मान खाली घातलीत म्हणजे तेच सांगितलंय. मग आता दुसरी बाजू पण ऐकून जा.

पुण्याहून बी. ए. होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्या बेटावरचं सगळं अज्ञान मी दोन वर्षांत झाडून काढीन. हसा. मीही हसते आता. तेव्हा दर गुरुवारी डॉक्टर यायचे—इंग्लंडात शिकलेले, तरुण, फार चांगले वागायचे हो, म्हाताऱ्यांना हात धरून खुर्चीत बसवायचे—पण त्यांना ना मराठी, ना भोजपुरी, आणि क्रिओल म्हणजे नुसतं बोंजूर. म्हणून मी. बिनपगारी, शाळा सुटल्यावर. आणि इथल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तांस्यों—म्हणजे तुमचा तो रक्तदाब. हातावर पट्टा बांधायचा, फुगवायचा, काटा वर. डॉक्टर मला समजावून सांगायचे, आणि मी लोकांना. रक्ताच्या नळ्या, त्यांच्यावरचा दाब, हृदयाचा जोर—हे सगळं ऊस तोडणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? मी सांगितलं बॉयलरवरून. कारखान्याच्या बॉयलरला घड्याळासारखी तबकडी असते ना, लाल रेघ असलेली? वाफ वाढली की काटा रेघेकडे सरकतो. बॉयलर ओरडतो का? नाही. दुखतं का त्याला? नाही. आणि मग एक दिवस नळी फुटते. तसंच अंगाचं. दुखत नाही म्हणून बरं आहे असं नाही, काटा बघायचा. लोकांना पटकन कळलं. डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही माझा उजवा हात आहात.' त्यांच्या गाडीतून मला घरी सोडायचे, आणि सगळं गाव अंगणात येऊन बघायचं. मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू?

बॉयलरची उपमा का सुचली, तर माझा मामा. तुलसीराम मामा, कारखान्यात बॉयलरवर असतो. तोच—कुंपणापलीकडे पिढ्याला दोरी विणत बसलाय ना, तोच. तुम्हाला येताना नमस्कार केला असेल त्यानं. केला ना? मला करत नाही. माझ्याशी बोलतच नाही. ते येतंच पुढे.

हा मामा म्हणजे—कसं सांगू—गणपतीत झाकडीच्या नाचातला पुढचा गडी. हा उभा राहिला की बाकीचे नुसते त्याच्या पायांकडे बघत नाचायचे. लग्नात विहिणीला असं काही बोलायचा की ती चिडायची आणि हसायची, दोन्ही एकदम. मी हिंदुस्थानात शिकायला जाते म्हटल्यावर माझ्या बापानं घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा ह्या मामानं त्याला गप्प केलं. म्हणाला, 'तुझी पोर इंग्रजी शिकून येऊ दे, मग बघ साहेब कसा सरळ बोलतो आपल्याशी.' तर ह्या मामाला कॅरोल वादळानंतर मीच ओढत दवाखान्यात नेलं. छप्पर बांधताना त्याच्या नाकातून रक्त आलं होतं. तो म्हणतोय, 'मो ब्यें, मी बरा आहे, चार माणसांचं जेवतो, मला काय झालंय?' पट्टा बांधला, तर काटा पार वर. मी म्हटलं, 'मामा, तुझ्या बॉयलरचा काटा असा दिसला तर काय करशील?' तो म्हणाला, 'पळेन.' सगळा व्हरांडा हसला. आणि गोळ्या घ्यायला तो तयार झाला—माझ्या शब्दावर.

गोळ्या कसल्या, तुम्हाला माहीत असेल. सर्पगंधा. मुळी हिंदुस्थानातली, गोळी विलायतेतली. मला काय अभिमान वाटला होता! मी व्हरांड्यात भाषणच ठोकलं—ही आपल्या आजा-पणज्यांच्या देशातली मुळी आहे, साहेबांनी नुसती तिची गोळी केलीय. बस. तेवढं पुरलं. औषध म्हणून जे घेतलं नसतं ते लोकांनी प्रसादासारखं घेतलं. भगवती काकी—ती कोपऱ्यावरच्या चिंचेजवळ राहते—ती गोळी आधी कपाळाला लावायची आणि मग गिळायची. मी डॉक्टरांना सांगितलं, तर ते इतके खूश झाले! आणि काटे खाली येत होते हो, खरंच येत होते. काकीची डोकेदुखी गेली. औषध खोटं नव्हतं. हे मी आजही म्हणते.

मामाचं आधी नाक चोंदलं. मी विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले, हवा. मग झोप—जेवता जेवता पेंगायचा. वय झालं असेल, म्हटलं. मग गणपती आले आणि मामा झाकडीला उठलाच नाही. पोरं हात धरून ओढतायत, हा आपला भिंतीकडे तोंड करून बसलेला. सगळे म्हणाले, कुणाची तरी नजर लागली, उतारा करा. मी त्यांच्यावरच खेकसले—मूर्खपणा आहे, काटा बघा त्याचा, पोरासारखा झालाय! असं म्हणाले मी. माझ्या तोंडानं. तर मामा हळूच म्हणाला, 'बाय, आग विझली की काटा खालीच येतो.' आणि मी काय केलं माहीत आहे? हसले. मला वाटलं, चला, थट्टा करतोय म्हणजे ठीक आहे.

नळावर इंद्राणी वहिनी सुद्धा उगीच रडायची. तिलाही तीच गोळी होती. पण ते—ते वेगळं. तिचा नवराच तसा आहे.

मग एके सकाळी मामा कामावर पोचला नाही. शोधलं. तळ्याच्या बांधावर बसला होता, चपला काढून, नीट जोडून ठेवलेल्या. पाय धुवायला आलो म्हणाला. पाय कोरडे होते, यशपालबाबू. मामी रडायला लागली तर तिला म्हणतो, 'कशाला रडतेस, मला तर रडायलाही येत नाही.' मी त्याला तसाच दवाखान्यात नेला. गुरुवार होता, व्हरांडा भरलेला. सगळं सांगितलं डॉक्टरांना—भिंत, झोप, बांध, चपला. मला वाटलं, दचकतील. दचकले नाहीत हो! मान हलवली, जशी पावसाची बातमी ऐकून हलवतात, आणि इंग्रजीत म्हणाले, 'हो, ही गोळीच. काही लोकांना ती अशी उदास करते, फार उदास. हे बरीच वर्षं ठाऊक आहे. कमी करत आणू, मग बंद करू, हळूहळू ठीक होईल.' आणि मग तितक्याच शांतपणे—'हे त्यांना सांगू नका. सांगितलंत तर एकही माणूस गोळी घेणार नाही.'

बरीच वर्षं ठाऊक आहे! मला नळ्यांची चित्रं काढून दाखवली, हृदयाचे कप्पे शिकवले, उजवा हात म्हणाले, आणि हे एक वाक्य, ज्याच्यासाठी माझा मामा बांधावर चपला काढून बसला, ते पोटात ठेवलं. बरं, माझ्यापासून ठेवलं ते ठेवलं. वर मलाच सांगतात, तुम्हीही ठेवा! मामा समोर बसलेला, माझ्या तोंडाकडे बघतोय. साहेब काय म्हणाला, ह्याची वाट बघतोय.

तुम्ही काय केलं असतं? नाही, राहू द्या. मी सांगितलं. सगळं. व्हरांड्यात जाऊन, मोठ्यानं, मराठीत आणि क्रिओलमध्ये. ह्या गोळीनं मन मरतं, साहेबांना ठाऊक होतं, आपल्याला सांगितलं नाही. त्याच्यापुढे आणखीही होतं—सगळ्यांना तसं होत नाही, ज्यांना सोसते त्यांनी थांबवू नका, साहेब एकेकाला बघतील. पण ते कोण ऐकतंय? मी ओरडतेय, 'अहो, पुढचं ऐका,' आणि लोक बाकं सोडून चालले. बाटल्या कालव्यात गेल्या. हरिलाल, तो दुकानदार, म्हणाला, 'आता बदकांना तांस्यों होणार नाही.' एवढा मोठा विनोद झाला तो, अजून सांगतात. भगवती काकीनं पण टाकल्या. तिला काही त्रास नव्हता, एक दिवसही नव्हता. मी तिच्या घरी गेले, पाया पडले, काकी, तुला चालते ती गोळी, तू घे. ती म्हणाली, 'कपाळाला लावली होती मी ती, आणि तू मला विष दिलंस.'

ह्या थंडीत ती चुलीपाशी पडली. उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

मग आता सांगा, कुणी कुणाला फसवलं? डॉक्टरांनी बदली मागून घेतली आणि जाताना मी भडकवलं असं लिहून गेले. शाळेत पोरांचे बाप मला नमस्कार करायचे बंद झाले. ते मी सोसेन, मी काही नमस्कारासाठी शिकले नाही. पण हा—हा मामा! दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा माणसात आला. ह्या गणपतीत नाचला. विहिणींना पुन्हा बोलायला लागला. पट्टा मात्र बांधू देत नाही, आणि मान बघा त्याची, कशी लाल झालीय, बघा ना, इथून दिसतेय. आणि डॉक्टरांवर त्याचा राग नाही! एका शब्दानं नाही! मला म्हणाला, 'तो परका. त्यानं का सांगावं? पण तू दोन वर्षं त्याच्या खुर्चीपाशी उभी होतीस. तुला म्हाईत न्हवतं?' मी म्हटलं, नव्हतं, मामा, गळ्याशपथ नव्हतं. तर म्हणाला, 'मग तिथं उभी कशाला होतीस?' त्यानंतर बोलला नाही. वर्ष होत आलं.

काय उत्तर आहे ह्याला? तुमच्याकडे आहे? मी रोज शोधते. सकाळी तो खोकला की मी इकडे श्वास धरते. भांडं पडलं तिकडे की मी कुंपणाशी—जाऊ द्या. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

ती कसली डबी काढलीत? नवीन गोळी? सर्पगंधा नाही? लघवीवाटे मीठ-पाणी काढते म्हणून दाब उतरतो—असं. बरं. चांगलं काय करते ते कळलं. आता वाईट काय करते ते बोला. बघताय काय? मला मामासाठी पाहिजे आहे ती, मला काय कमी पाहिजे आहे? पण आधी बोला. हं. सारखं उठावं लागतं, म्हणून सकाळी घ्यायची. पुढे? पायांत गोळे येतात, गळून जातं—केळी खायची. केळी आहेत आमच्याकडे. पुढे? अंगठ्याचा सांधा सुजतो कुणाकुणाचा. साखर वाढते कुणाची. आणि मन? मनाला काही नाही? नक्की? 'अजून तरी ऐकलं नाही'—हे बरं बोललात, 'अजून तरी'. बघा, जमलं की! जीव गेला का कुणाचा? एवढंच हवं होतं मला. एवढंच त्या दिवशी हवं होतं.

आता हेच मोठ्यानं सांगा. मामा तिथंच बसलाय. मी नाही, तुम्ही सांगा, तुमची मराठी मोडकी असू दे, अर्धं क्रिओलमध्ये बोला, त्याला सगळं कळतं. हाक मारू? मामा—

काय? थांबू? का?

'आधी गोळी सुरू तर होऊ दे.' मग? 'मग सावकाश सांगू.' अच्छा.

तुम्ही आपल्यातले, हो ना? आडनाव ऐकून मामीनं मघाशी कुंपणाशी येऊन विचारलं पण, कुठल्या गावचे म्हणून. तो डॉक्टर तर परका होता.

उठा, यशपालबाबू. नाही, रागावले नाही, उठा. गोळ्या तुमच्या तुम्ही न्या. पट्टा बांधल्याशिवाय कुणाला द्यायच्या नसतात, एवढं मीही शिकलेय. पण त्यांच्याबद्दल जे बोललात ते सगळं इथं राहिलं. ते मी त्याला आत्ता जाऊन सांगणार आहे, चांगलं आणि वाईट, ह्या तोंडानं. तो बोलो न बोलो. त्याला पटलं तर मी त्याला तुमच्या दारात आणीन, भाची म्हणून आणीन, आणि तुमच्या डॉक्टरसमोर त्याच्या शेजारी बसेन, उभी राहणार नाही.

अहो, तिकडून नको. इकडून, स्वयंपाकघरातून जा. तिकडून गेलात तर त्याच्या अंगणातून जावं लागेल, आणि तो साधाच माणूस आहे, विचारेल—काय बाबू, काय म्हणाली आमची पोर?