फिरत्या चषकाची शेवटची पट्टी

जबाब देणार: गल्लीत मला काळजीकाका म्हणतात, हाकही त्याच नावाने येते. वय चौऱ्याहत्तर. शिक्षण सातवीपर्यंत, सातवी धरून नाही. धंदा: पूर्वी गोदामाचा रखवालदार, आता काही नाही. राहणार बेकरीच्या मागची इमारत, तळमजला, जिन्याखालची खोली.

मी आपण होऊन ठाण्यात येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी बायको असे दोघेच राहतो. आमच्या घरी खिडकीशेजारच्या फळीवर एक चषक आहे. दोन कानांचा, झाकणाचा, खाली काळ्या लाकडाची गोल बैठक. बैठकीभोवती छोट्या पट्ट्या ठोकलेल्या असून प्रत्येकीवर एकेका वर्षाच्या विजेत्याचे नाव कोरलेले आहे. शेवटची पट्टी माझ्या बायकोच्या नावाची. कॅरमच्या स्पर्धेत तिने तो जिंकला. पुढची स्पर्धा व्हायच्या आतच ती भरवणारे मंडळ बंद पडले. त्या जागी आता गाद्यांचे दुकान आहे.

हल्ली चोऱ्या वाढल्याचे कानावर येते. चषक चोरीला गेला तर पोलीस आधी किंमत विचारतील आणि मला ती सांगता येणार नाही, या विचाराने माझी झोप उडाली होती. म्हणून आज सकाळी बायको तिच्या बहिणीकडे गेली असता, जुन्या चषकांची पारख करणाऱ्या एका गृहस्थांना मी घरी बोलावले. बायकोला सांगितले नव्हते. ती म्हणाली असती, "अहो, आधी चोर तरी येऊ द्या."

पारखी यांनी चषक उलटा करून तळाचा ठसा भिंगातून पाहिला. कानांचे जोड नखाने चाचपले. कडेवर टिचकी मारून आवाज ऐकला. आत पितळ, वर चांदीचा मुलामा, कान हाताने जोडलेले, झाकण मूळचेच, असे ते म्हणाले. कॅरमचे इतके देखणे चषक फार मिळत नाहीत, असेही म्हणाले. ते ऐकून मी खूश झालो व लगेच घाबरलो, कारण आता तो नक्कीच चोरीला जाणार.

नंतर त्यांनी विचारले, "काका, हा घासता का तुम्ही?"

मी म्हणालो, "दर वर्षी. राखेने."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, जुना कप घासायचा नसतो. काळेपणा हीच त्याची कमाई. तुम्ही तर त्याचं वयच धुऊन काढलंत!"

यावर मी त्यांना चषकाच्या कडेवरचा मजकूर वाचायला सांगितले. तो असा: 'फिरता चषक. विजेत्याने पुढील स्पर्धेस स्वच्छ करून परत आणावा.' स्पर्धेचे बोलावणे अचानक आले तर पंचाईत नको, म्हणून मी दर वर्षी स्पर्धेच्या महिन्यात तो घासून तयार ठेवतो. बोलावणे आजवर आलेले नाही.

मजकूर वाचून पारखी यांचा सूर बदलला. "फिरता चषक कुणाच्या मालकीचा नसतो, काका. तो नुसता मुक्कामाला असतो." मग त्यांनी बैठक फिरवून एकेक पट्टी वाचली. शेवटच्या पट्टीवर भिंग धरले, ती उजेडात नेली, तिरपी करून पाहिली. पट्टी कोरी होती. "इथं नाव नाही. मंडळ नाही, कागद नाही. मग हा तुमच्याकडे आला कसा?" हे त्यांनी हसत विचारले. मला ते हसण्यासारखे वाटले नाही. किंमत न सांगताच ते निघून गेले.

ती पट्टी मी इतर पट्ट्यांपेक्षा जास्त घासत असे. कारण विचारले असता, सांगता येत नाही.

ते गेल्यावर चषक उशीच्या अभ्र्यात घालून मी ठाण्याकडे निघालो. वाटेत तो गुडघ्याला लागून वाजत होता. बेकरीवाल्याने विचारले, "काका, काय वाजतंय?" मी "काही नाही, माझा गुडघा" असे सांगितले. हे खोटे होते, त्याचीही नोंद व्हावी.

ठाण्यातील साहेबांनी विचारले, "आजोबा, तक्रार कुणाविरुद्ध?"

मी म्हणालो, "माझ्याविरुद्ध."

"आणि तक्रार करणार कोण?"

"मीच. बायकोला यात घेऊ नका. तिने फक्त जिंकला, ठेवला मी."

साहेबांनी पेन खाली ठेवले व पाणी मागवले. मागच्या खोलीत कुणीतरी कॅरम खेळत होते, त्याचा आवाज येत होता. साहेब जबाब लिहिताना मधूनमधून तिकडे कान देत होते.

इतक्यात माझी बायको दारातून आत आली. खांबाआड असल्यामुळे मी तिला दिसलो नाही. ती साहेबांना म्हणाली, "माझा कप चोरीला गेलाय. घर उघडं, फळी रिकामी आणि नवराही जागेवर नाही. आधी कप शोधा, नवरा संध्याकाळी चहाला येईल."

साहेब म्हणाले, "आजी, चोर हजर आहे," व त्यांनी माझ्याकडे बोट केले.

बायको म्हणाली, "हा? याला घरातला उंदीर पकडता येत नाही, हा चोरी काय करणार!"

साहेबांनी तिला सर्व हकीकत सांगितली व चषक तिचाच कशावरून, असे विचारले. तिने बैठक हातात घेतली. आपल्या नावाची पट्टी पाहिली. त्यावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाली, "इतकं घासलंत?" मी "हो" म्हणालो. यापुढील आमचे बोलणे प्रकरणाशी संबंधित नसल्याने येथे घेतलेले नाही. त्या वेळी हवालदार बाहेर जाऊन उभे राहिले.

नंतर बायकोने पदर खोचला व साहेबांना म्हणाली, "नाव गेलं तर गेलं. हात आहे ना! बोर्ड कुठंय तुमचा?" साहेबांनी आपण पोलिसांच्या स्पर्धेत दोनदा पहिले आल्याचे तिला सांगितले. ती म्हणाली, "मग बरंच झालं. लहान मुलाला हरवलं असं कुणी म्हणायला नको."

खेळापुरते लिखाण थांबले. खेळ मी पाहिलेला नाही. ती खेळत असताना मी कधीच पाहत नाही, दाराबाहेर उभा राहून ऐकतो. तिची सोंगटी भोकात पडते तेव्हा एकच आवाज येतो, इतरांच्या वेळी दोन-तीन येतात. आज बराच वेळ एकेकच आवाज येत होता. मग हवालदार ओरडले, "राणी गेली! कव्हरही गेलं!" मग साहेब म्हणाले, "आजी, अजून एकदा."

दुसऱ्या डावाबद्दल काही लिहू नये, अशी साहेबांची इच्छा आहे.

चषक पुढील स्पर्धेपर्यंत माझ्या बायकोच्या ताब्यात राहावा, असे ठरले. पुढील स्पर्धा याच ठाण्यात, मागच्या खोलीत, पुढच्या वर्षी याच महिन्यात होईल. बोर्डावरची पावडर बरी आणावी, अशी तिची अट आहे व ती मान्य झाली आहे. कोऱ्या पट्टीवर नाव पुन्हा कोरून घेण्याचे काम माझ्याकडे आहे. घासण्याचे काम माझ्याकडून काढून घेतले आहे.

मालमत्तेची किंमत काय लिहावी, असे साहेबांनी शेवटी विचारले. मी म्हणालो, याचीच मला भीती होती. बायको म्हणाली, "मला हरवून न्यावा, हीच किंमत." त्यावरून किंमत एक डाव, अशी लिहिली आहे.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. बायकोनेही ऐकला. 'हा माणूस उगाच घाबरतो' एवढे वाक्य त्यात घालावे, असे तिचे म्हणणे पडल्याने ते येथे घातले आहे. तेही बरोबर आहे.

साक्षीदार म्हणून बायकोने खाली सही केली. धंद्याच्या रकान्यात साहेब 'घरकाम' लिहीत होते. मी त्यांना थांबवले व 'विजेती' लिहायला लावले.