पिंप सागाचं नोहे

चहा थंडा झाला तरी चालन, आधी हे ऐका. निजाम गेला अन् नवं सरकार आलं, तवा आमच्या डाकबंगल्यात जुन्या साहेबानं सोडलेलं काळ्या बीअरचं लाकडी पिंप सापडलं. कारकुनानं मले अन् शंकर सुताराले पंच केलं.

"माल नासला का, चाखून सांगा. मंग सील लावून आदिलाबादले धाडाचा हाये."

मी किराणावाला. म्हणलं, "जळल्या गुळावानी लागते."

शंकरनं डोळे मिटून घोट घेतला. "पिंप सागाचं नोहे."

कारकून चाटच पडला. "अन् बीअर?"

"अजून लाकडाचीच चव येऊन राह्यली. बीअर कळाले आनखी एक पेला लागन."

दर पेल्याले त्याचं हेच उत्तर. शेवटी कारकूनही चाखाले बसला.

संध्याकाळी त्यानंच जड जिभेनं पंचनामा वाचला, "पिंप एक. सागाचं नोहे. रिकामं."