भेटीचा वार शनिवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रायफल क्लबचे प्रमुख श्री. फ्लॉइड क्रॅन्डल, व्यासपीठावरचे आपले शेरीफ श्री. डेन्टन रोस, सत्कारमूर्ती श्री. व्हर्ल टिंगी, त्यांच्या सौभाग्यवती नोला, समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो, आणि मागे चीज-बटाट्यांच्या परातीभोवती आत्तापासूनच घुटमळणाऱ्या मंडळींनो, आपणा सर्वांना आर्डिथ योस्टचा नमस्कार.

व्यासपीठावरच्या माणसाला 'ते' म्हणायचं असतं, हे मला माहीत आहे. पण व्हर्ल आणि मी एकाच बसने शाळेत गेलो. तो माझ्या डब्यातलं सॅन्डविच खायचा. त्यामुळे तो 'तो'च राहील. नोला, चालेल ना? चालेल म्हणतेय.

व्हर्लचं बंदुकांचं दुकान येत्या आठवड्यात बंद होणार. त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, आणि मुलगा बॉइझी शहरात दातांचा डॉक्टर झालाय. इथवर सगळं रीतसर आहे. पण आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आलंय, की दुकानाबरोबर आपला शनिवारही चालला?

इथली तरुण पोरं हसताहेत. हसा. तुम्ही बंदुकीचा सायलेन्सर घेता, कॉम्प्युटरवर अर्ज टाकता, आणि चार दिवसांत डबा घेऊन घरी जाता. (आपल्याकडे सायलेन्सरला सगळे डबाच म्हणतात, मीही तेच म्हणेन.) आमच्या वेळी तसं नव्हतं. पैसे आज भरायचे, डबा पुढच्या वर्षी. सरकारला बोटांचे ठसे द्या, फोटो द्या, आजोबांच्या काळात ठरलेला तो कर भरा, आणि मग वाट बघत बसा. तोपर्यंत डबा कुठे? तर व्हर्लच्या तिजोरीत. पैसे तुमचे, वस्तू तुमची, पण हात लावायचा तो व्हर्लच्या देखत. घरी न्यायची सोय नाही.

हा कायदा बरा की वाईट, यावर या सभागृहात दोन मतं आहेत आणि फ्लॉइड दोन्ही मतं मोठ्या आवाजात मांडतो. मी त्यात पडत नाही.

मला सांगायचंय ते शनिवारचं. त्या तिजोरीला लोक 'कोठडी' म्हणायचे, आणि शनिवार हा भेटीचा वार. सकाळी दहाला दुकानात रांग. व्हर्ल काउंटरवर हिरवं कापड अंथरायचा आणि एकेकाचा डबा बाहेर आणून ठेवायचा. दोन-दोन एकर बटाटा एका दमात काढणारे गडी तो डबा तान्ह्या बाळासारखा हातात घ्यायचे. कोणी विचारायचं, "काय रे, जेवतो का नीट?" दुसरा म्हणायचा, "वाळलाय बघ किती." मग दुकानामागच्या मैदानावर, व्हर्ल शेजारी उभा असताना, दोन-चार गोळ्या झाडायच्या, डबा पुसायचा आणि परत द्यायचा. व्हर्ल जेलरसारखा गंभीर चेहरा करून म्हणायचा, "भेटीची वेळ संपली." दर शनिवारी ऐकूनही लोक त्याला हसायचे. शेरीफसाहेब, तुम्हीही त्याच रांगेत उभे असायचात. गणवेशात. डोनटसकट.

आता माझ्या लाइलचं सांगते. नव्याने गावात आलेल्यांसाठी सांगते, लाइल योस्ट म्हणजे माझे यजमान. आयुष्यभर शिकार केली आणि कानांची कधी पर्वा केली नाही. त्या काळी कानात कापूस घालणारा माणूस भित्रा ठरायचा. पन्नाशीनंतर त्याच्या कानात रातकिडे बसले ते उठलेच नाहीत. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की तो "काय?" म्हणायचा. दुसऱ्यांदा मारली की पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा नुसती मान हलवायचा. त्या मान हलवण्यात मी दोन सोफे आणि एक कुत्रा घरात आणला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता उघड्या बंदुकीचा आवाज पुरे, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. म्हणून लाइलने डबा घेतला. सिनेमात दाखवतात तसं नाही बरं का, की फुस्स झालं आणि शेजारच्या खोलीत कोणाला पत्ता नाही. आवाज होतोच. पण कानावर हातोडा पडत नाही, एवढाच फरक. लाइलला तेवढाच हवा होता.

अर्ज गेला आणि परत आला. का? तर ठसे उमटले नाहीत. तीस वर्षं काटेरी तार ओढून त्याच्या बोटांवर रेघच उरली नव्हती. पुन्हा ठसे घेतले, पुन्हा परत. व्हर्लने त्याला हातांना मलम चोळून हातमोजे घालून झोपायला लावलं. गुरं राखणारा माझा नवरा महिनाभर नवरीसारखे हात जपत होता. तिसऱ्या वेळी ठसे उमटले आणि वाट बघणं पहिल्यापासून सुरू झालं.

त्या उन्हाळ्यात लाइलच्या पोटात कर्करोग निघाला.

डॉक्टरांनी ख्रिसमसची खात्री दिली नाही. आणि लाइलने एकच गोष्ट मागितली. ऑक्टोबरमध्ये एकदा वरच्या खिंडीत हरणाला जायचं, आणि गोळी झाडल्यावर नंतरचं ऐकायचं. "नंतरचं म्हणजे काय?" मी विचारलं. म्हणाला, "तेच तर आठवत नाही गं."

मी त्याला न सांगता व्हर्लकडे गेले. दुकानात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "व्हर्ल, तो डबा मला दे."

"मंजुरी आली नाही, आर्डिथ."

"मंजुरी येईपर्यंत माणूस उरणार नाही. दे ना रे. कोण बघतंय?"

"मी बघतोय," तो म्हणाला.

मी बरंच बोलले. त्यातलं काही या सभागृहात सांगण्यासारखं नाही, खाली लहान मुलं बसली आहेत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी दिला तर मी आत जाईन, आणि लाइलही. मग तुला भेटीला दोन ठिकाणी जावं लागेल." मला विनोद ऐकायचा नव्हता. मी दार आपटून निघाले. चर्चमध्ये बाक बदलला. नोलाने पाठवलेला जॅम तसाच परत केला, आणि नोलाचा जॅम परत करणं म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येकाला कळतं. मला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता, असं मला आजही वाटतं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. शिकारीचा ऐन हंगाम, दुकानदाराची वर्षाची कमाई त्या दिवसांत. पहाटे आमच्या अंगणात व्हर्लचा ट्रक उभा. दुकानावर 'बंद आहे' अशी पाटी लावून आला होता. अंगात जाड कोट, आणि कोटाच्या खिशात डबा.

मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, "आता काय?"

म्हणाला, "डबा माझ्या ताब्यातून जाऊ शकत नाही. पण मी कुठे जावं, यावर कायदा काही म्हणत नाही. लाइलला उठव."

तिघे वर गेलो. शेवटची चढण व्हर्लने लाइलला जवळजवळ उचलूनच नेलं, त्याच गुडघ्यांनी. खिंडीत पोचल्यावर त्याने स्वतःच्या हाताने डबा बंदुकीवर चढवला आणि लाइलच्या खांद्याला खांदा लावून बसला. इतका चिकटून, की मी म्हटलं, "अरे, श्वास तरी घेऊ दे त्याला." तर म्हणाला, "कायद्याने जवळ असायला हवं." कायदा इतकं जवळ म्हणत नाही, व्हर्ल. मी नंतर वाचला.

उजाडल्यावर एक नर खाली उतरला. लाइलने नेम धरला, गोळी झाडली. हरीण उभं राहिलं, आमच्याकडे बघितलं आणि निघून गेलं. साफ चुकला होता.

मी हळूच विचारलं, अगदी हळू, सवयीने, उत्तराची अपेक्षा न ठेवता. "चुकला का?"

"चुकला," लाइल म्हणाला.

पहिल्या हाकेला. गोळीनंतर दोन-दोन दिवस ज्याला घरातला फोन ऐकू येत नसे, तो पहिल्या हाकेला बोलला. मग त्याने हात वर करून आम्हा दोघांना गप्प केलं. म्हणाला, "खूर ऐका. खडकावरून चाललंय. अजून चाललंय." आम्हाला ऐकू यायचं केव्हाच थांबलं होतं, पण त्याला येत होतं असं तो म्हणाला, आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

बऱ्याच वेळाने व्हर्लने डबा काढला, पुसला, खिशात ठेवला. 'भेटीची वेळ संपली' हे त्याने त्या दिवशी म्हटलं नाही.

लाइल नोव्हेंबरात गेला. गेलेल्या माणसाच्या नावाने मंजुरी येत नाही, त्यामुळे अर्जही गेला. व्हर्ल म्हणाला, तुझ्या नावाने नवा करू. मी म्हटलं, बघू. नऊ वर्षं मी 'बघू' म्हणतेय, आणि नऊ वर्षं शनिवारी दहा वाजता जातेय. रांग आटली, लोकांना चार दिवसांत डबे मिळायला लागले, हिरव्या कापडाला कसर लागली, पण लाइलचा डबा दर शनिवारी बाहेर यायचा आणि मी तो हातात घेऊन बसायची. का नेला नाही घरी? कारण तो तिथे होता तोवर कोणाची तरी वाट बघत होता. वाट बघणारी मी एकटी नव्हते. व्हर्लने अर्जाची गोष्ट पुन्हा एकदाही काढली नाही. मैत्री म्हणजे आणखी काय असतं, मला माहीत नाही.

पण दुकानाचा परवाना संपला की तिजोरी रिकामी करावी लागते. म्हणून मी अर्ज केला. माझे ठसे पहिल्या फटक्यात उमटले. मंजुरी चार दिवसांत आली, आणि खरं सांगते, मला फसवल्यासारखं वाटलं. काल डबा घरी आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि समोर बसले. फार शांत होतं घर.

असो. फ्लॉइड घड्याळ दाखवतोय, त्याने स्वतः किती वेळ घेतला ते मी काढत नाही. या सभागृहाचे, बटाटे शिजवणाऱ्या बायकांचे आणि मला बोलायला उभं करणाऱ्या क्लबचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर म्हाताऱ्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला. नोला, जॅमची बाटली परत पाठव, या वेळी ठेवून घेईन.

आणि व्हर्ल, आता ऐक. डबा आता माझ्या नावावर आहे, तेव्हा तुला हात लावायचा असेल तर मी तिथे हजर असायला हवी. कायदाच आहे. मी असेन. शनिवारी दहाला ये. कॉफी टाकून ठेवते, आणि हिरवं कापड तुझ्या दुकानातून मी कालच उचललंय. माझ्या घरी भेटीची वेळ संपत नाही.