चाफा, अनुभवी आणि पावसकरांची सहावी वाटी

हं, पेटीवाले, सूर धरून ठेवा. तबला जरा विसावू दे. देवाचं नाव घेऊन झालं मंडळी, आता कान इकडे द्या! आणि खांबाला टेकलेले काका — अहो, मोबाईल उपरण्याखाली झाकलात तरी उजेड नाकावर पडतोय! असू दे, असू दे. आजचं आख्यान त्याच्याचबद्दल आहे.

प्रश्न साधा आहे. माणूस गाव बदलतो. गाद्या बांधतो, भांडी बांधतो, देव मऊ फडक्यात गुंडाळतो. सगळं नेतो! पण माणसं कशात बांधून न्यायची? आणि नव्या गावात आपलं माणूस हवं झालं तर ते शोधायचं कुठे — हातातल्या फोनात, की भिंतीपलीकडे? सांगा की! कुणीच नाही? बरं, मग मीच सांगतो. ऐका!

अमरावतीला एक बाई होत्या. चंद्रकलाबाई गावंडे. शाळेत बाई होत्या, आता निवृत्त. यजमान गेलेले, मुलगा हर्षल परदेशात. आणि बाईंच्या मनात एकच वेड — समुद्र! सगळा जन्म अमरावतीच्या उन्हात काढला, आता म्हणे खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे! हर्षल फोनवर ओरडला, “आई, तिकडे आपलं कोण आहे? पुण्याला वृद्धांसाठी छान सोय आहे, तिथे राहा.” बाई म्हणाल्या, “अजी, मी काय म्हातारी होऊन राहिली का? मी समुद्राकडे जाते!”

शेवटी मायलेकांचा करार झाला. हर्षल म्हणाला, “एक महिना राहून बघ. महिन्यात तुला तिथे एक — फक्त एक! — आपलं म्हणावं असं माणूस मिळालं, तर खुशाल राहा. नाही मिळालं तर पुणे.” बाई म्हणाल्या, “एक? मी गावभर माणसं जोडते की नाही बघ!”

आता जायचं कसं, न्यायचं काय? बाई एका ग्रुपवर होत्या. मोबाईलवरचा ग्रुप हो! नाव — ‘नवं बिऱ्हाड’. गाव बदलणारी माणसं तिथे जमायची, आपली खबरबात सांगायची, एकमेकांना सल्ले द्यायची. नियम एकच: खरं नाव सांगायचं नाही, गावाचं नाव सांगायचं नाही. जो तो टोपणनावानं. एक ‘बदलीवाला’, एक ‘गाठोडं’. आपल्या चंद्रकलाबाई तिथे ‘चाफा’! आणि सगळ्यांची गुरुमाउली कोण? तर ‘अनुभवी’!

काय त्या अनुभवीचा थाट! कुणी विचारलं, फ्रिज आडवा नेऊ का? अनुभवी सांगणार, “मुळीच नाही! उभाच न्या.” कुणी विचारलं, नव्या घरात आधी काय न्यावं? “देव आणि मीठ!” चाफ्यावर तर फार जीव. रोज सकाळी विचारपूस. मुलाशी झालेला ‘एका माणसाचा’ करारही चाफ्याने तिला सांगून ठेवलेला. “चाफाताई, लोणच्याच्या बरणीला आधी फडकं बांधा, मग झाकण लावा.” चाफाताईंनी बांधलं. बरणी शाबूत पोचली!

आणि मंडळी, ही अनुभवी कोण होती ठाऊक आहे? दमयंतीबाई पावसकर! कोकणात समुद्राकाठच्या एका गावात — नाव नाही सांगणार, नियम म्हणजे नियम! — या बाईंनी आयुष्यात बिऱ्हाड किती वेळा बदललं असेल? एकदा! लग्नात! वरच्या आळीतून खालच्या आळीत! हसू नका! सल्ला द्यायला सामान कुठे हलवावं लागतं?

पण या ग्रुपवर ती का आली, तेही ऐका. तिची आळी रिकामी झाली होती. हे मुंबईला गेले, ते पुण्याला गेले, दाराला कुलूप, दाराला कुलूप. यजमानही गेले. तेव्हा बाईला वाटलं, ही सगळी माणसं जातात तरी कुठे, बघू तरी! म्हणून ती जाणाऱ्या माणसांत जाऊन बसली, फोनातल्या फोनात. एकटेपण वाईट हो मंडळी. ते माणसाला फ्रिज उभा न्यायचा की आडवा, यातसुद्धा गुंतवतं.

आता देवाची करणी बघा! चंद्रकलाबाईंनी भाड्याने घर घेतलं ते नेमकं कुठे? दमयंतीबाईंच्या भिंतीला लागून! चाफा इकडे, अनुभवी तिकडे! आणि दोघींना पत्ता नाही! चाफ्याने लिहिलं, “समुद्राकाठी पोचले हो!” अनुभवीने लिहिलं, “छान! आधी शेजार जोडा बरं!” समुद्रकाठ काय एका गावाचा असतो? कुणाला शंका यायची?

दमयंतीबाई स्वतःच्या सल्ल्याला जागल्या. शेजारी ट्रक आला म्हणताच वाटीभर खतखतं घेऊन दारात हजर! खतखतं म्हणजे पाच-सात कंद, भाज्या, तुरीचे दाणे, सगळं एकत्र शिजवतात ते. “घ्या हो, गरम आहे तोवर खा.”

“अगं बाप्पा! काऊन तरास घेतला तुमी?”

“त्रास कसला मेला! आणि वाटी काय, सावकाश द्या.”

सावकाश! मंडळी, या एका शब्दाने घात केला! पुरुषांना वाटेल, सावकाश म्हणजे सावकाश. छे! बायकांना विचारा. सावकाश म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत!

बरं, चंद्रकलाबाई काय अडाणी होत्या? शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चिमूटभर साखर का होईना, घालून द्यायची. पण बाईंना वाटलं, पहिलीच वाटी, साखर काय घालायची? आपल्याकडचं काहीतरी झकास घालू! म्हणून बेसनाच्या पाटवड्या केल्या. समुद्राच्या दमट हवेला त्या काही मानवल्या नाहीत — वड्या पडायच्या तिथे पिठलं झालं! मग बाईंनी केलं काय? ग्रुपवर विचारलं! “शेजारणीने वाटी पाठवली आहे. भरून काय देऊ?”

झालं! ‘बदलीवाला’ म्हणाला, लाडू द्या. ‘गाठोडं’ म्हणालं, गोड नको, त्यांना साखरेचा आजार असला तर? एकाने विचारलं, वाटी खोल आहे की पसरट? लोकांनी मतदान घेतलं हो! आणि अनुभवीने काय सल्ला दिला? भिंतीपलीकडे बसून, स्वतःच्याच वाटीबद्दल? “घाई करू नका चाफाताई! पहिली भेट आहे. नीट विचार करून भरा!”

चाफाताई विचार करत बसल्या. आठवडा गेला.

इकडे दमयंतीबाईंच्या मांडणीवर वाट्या पाच! सहाचा संच होता तो. यजमानांनी हौसेने घेतलेला, प्रत्येक वाटीवर नाव घालून आणलेलं — सौ. द. म. पावसकर. आता यजमान नाहीत, नावातला ‘सौ.’ तेवढा वाट्यांवर राहिलेला. ती सहावी जागा रिकामी दिसली की बाई नजर फिरवायची. पण मागणार कशी? वाटी परत मागतं का कुणी? जीव गेला तरी नाही! मग ग्रुपवर लिहिलं, “शेजारी एक बाई राहायला आल्येय. दिसायला सोज्वळ, पण वाटी गिळून बसल्येय!”

आणि पहिलं उत्तर कुणाचं आलं असेल? चाफ्याचं! हो, हो, आपल्याच चंद्रकलाबाईंचं! शेल्फवर ती वाटी समोर दिसत असताना बाई रागाने लाल! “काय एकेक माणसं असतात! अनुभवीताई, अशा बाईशी बोलूच नका!”

हसताय? तुम्ही ओळखलं असतं? चोराचं वर्णन ऐकताना आरशात कोण बघतो, मंडळी! आपण वाटी ठेवली ती रिवाज म्हणून. दुसऱ्याने ठेवली की ढापली!

दमयंतीबाईंनी मैत्रिणीचा शब्द पाळला. बोलणं बंद! चंद्रकलाबाई अंगणात आल्या, की या तोंड फिरवून आत. बाईंना वाईट वाटलं. गहिवरून ग्रुपवर लिहिलं, “माझी शेजारीण माझं तोंडही बघत नाही. माझं काय चुकलं?” अनुभवी तिकडून कडाडली, “तुमचं काही चुकलं नाही! ती बाईच खडूस असणार. तुम्हीही खिडकी लावून घ्या, धडाधडा!”

धाड! इकडची खिडकी लागली. दमयंतीबाई पलीकडे दचकल्या. “बघा बघा, वर खिडक्या आपटत्येय!” म्हणाल्या, आणि यांनीही लावली. धाड!

पेटीवाले, द्या जरा सूर —

भिंत एक, दारं दोन, मध्ये पावलं चार,
फोन हाती, जीव विचारी, कोण देई आधार!

तर असा महिना सरला. हर्षलचा फोन आला. “आई, मिळालं का एक माणूस?” मंडळी, शाळेत हजार पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई ती. खोटं कसं बोलणार? म्हणाली, “नाही रे राजा. समुद्र लय चांगला आहे. पण तो बोलत नाही.” मुलाने दुसऱ्या दिवशीचा टेम्पो ठरवला.

सकाळी टेम्पो दारात. बाईंनी पदर खोचला, डोळे पुसले. पण एक गोष्ट राहिली होती — वाटी! गाव सोडताना दुसऱ्याची वाटी घेऊन जायचं? शक्य नाही! रिकामी ठेवायची? तेही शक्य नाही! बांधलेली शेगडी सोडली, खोकी फोडली, आणि चढवला गोळाभात! भिजवून वाटलेल्या डाळीचे गोळे भातात वाफवलेले, वरून लाल मिरच्यांची चरचरीत फोडणी. अहाहा! वाटी भरली काठोकाठ. तिचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: “मंडळी, चाफा चालला. समुद्राने घेतलं, माणसांनी नाही घेतलं. ही शेजारणीची वाटी तिच्या दारात ठेवून निघते. रामराम.”

भिंतीपलीकडे अनुभवीने फोन उघडला. चाफा चालला! बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी. गोळाभात कसला दिसतो म्हणून दोन बोटांनी फोटो मोठा केला. भात मोठा झाला. मिरची मोठी झाली. वाटीची कड मोठी झाली. आणि कडेवर अक्षरं — सौ. द. म. पाव...

“अगो बाई गोऽऽ!”

अशी किंकाळी फुटली म्हणता! इकडे चंद्रकलाबाईंच्या हातातून झारा पडला. टेम्पोवाला उडी मारून खाली उतरला. दमयंतीबाई अनवाणी धावत बाहेर, एका हातात फोन, दुसऱ्या हातात भांडी घासायची राख! समोर चंद्रकलाबाई उभ्या, वाटी घेऊन.

“तुम्ही... तुम्ही चाफा?”

“हो. तुमी कोण?”

“मेल्ये मी! मी अनुभवी!”

मग चंद्रकलाबाई म्हणाल्या, “अजी, खिडकी लावून घ्या म्हणून मले तुमीच सांगितलं ना!”

“आणि त्या बाईशी बोलू नका, असं मला कोणी सांगितलं? तुम्हीच!”

“वाटीची घाई करू नका, हे कोणाचं?”

“माझंच गो, माझंच! देवा, काय हा माझा अनुभव!”

आणि जे हसू फुटलंय! एकमेकींच्या गळ्यात पडून हसतात, हसता हसता रडतात, गोळाभात हिच्या पदरावर, राख तिच्या पाठीवर! टेम्पोवाला बिचारा विचारतो, “काकू, सामान भरू ना?” कुणी ऐकेल तर शपथ!

तेवढ्यात चंद्रकलाबाईंचा फोन वाजला. हर्षल. “आई, टेम्पो आला का?” बाईंना हुंदका आवरेना. दमयंतीबाईंनी फोन सरळ काढून घेतला. “आला हो टेम्पो. परत जातोय.”

“हॅलो? कोण बोलतंय?”

बाईंनी राखेच्या हातानेच डोळे पुसले आणि म्हणाल्या, “कोण म्हणजे? तू एक माणूस मागितलं होतंस ना बाळा? ते माणूस बोलतंय!”

वा! द्या टाळी! देवासाठी नाही, त्या दोघींसाठी द्या!

टेम्पोवाला पातेल्यात उरलेला गोळाभात खाऊन रिकामा गेला. ग्रुपवर दोघींनी एकत्र फोटो टाकला, ‘बदलीवाला’ म्हणे ढसाढसा रडला. आणि वाटी? ती आज इकडून भरून तिकडे जाते, उद्या तिकडून भरून इकडे येते. दमयंतीबाईंच्या मांडणीवर अजूनही वाट्या पाचच आहेत. पण आता त्या जागेकडे बघून बाई हसते.

आता तुमच्याकडे वळतो, सुटका नाही! ग्रुपवर असायला माझी ना नाही. मीही दोन ग्रुपांवर आहे, एकात तर भांडण चालू आहे! दूरचं माणूस जीव लावतं, ते खोटं नसतं. पण बाबांनो, तुम्ही तिथे ज्याच्यावर माया करता आणि इथे ज्याच्यावर खिडकी आपटता, ते एकच माणूस असलं तर? निदान दार वाजवून बघा! चिमूटभर साखर घेऊन जा, पण आजच जा.

आज प्रसादाचे द्रोण दोन मिळतील. एक तुमचा, एक शेजाऱ्याचा. पण दुसरा फुकट नाही! शेजाऱ्याचं नाव सांगायचं आणि मगच घ्यायचा. बघा, किती माना खाली गेल्या! खांबाजवळचे काका, तुम्ही सांगा. तुमच्या शेजारच्या घरात कोण राहतं? आं? आठवत नाही?

अहो, फोन काय काढताय! ग्रुपवर काय विचारताय! ते तुमच्या मागच्याच रांगेत बसलेत, मघापासून तुमच्याकडेच बघून हसतायत! वळा, वळा मागे, आणि विचारा त्यांना नाव! मंडळी, हे विचारतायत तोवर सगळ्यांनी एकदा मोठ्याने देवाचं नाव घ्या, म्हणजे काकांना लाज वाटायची नाही!