दारातला हिरा

बायकोची हिऱ्याची अंगठी सैल करून घ्यायला आलेले मास्तर सराफाच्या बाकावर बसले होते. समोर आत्या आणि भाची हिरा पाहत होत्या.

“आत्या, केवढा लखलखतोय.”

“या दिव्यांखाली काचही लखलखेल. दारात चल.”

“ताई, प्रमाणपत्र आहे की,” सराफ म्हणाला.

“असू दे. मी तीस वर्षं पैलू पाडलेत. हं, आता सावलीत धर. काय दिसतं?”

“मधोमध काळपट.”

“पैलू चुकलेत. उजेड आत शिरतो, पण परत येत नाही. दुसरा दाखवा.”

“याच्याएवढा मोठा नाही मिळणार, ताई.”

“लहान चालेल, मेलेला नको.”

“सगळे बघायला संध्याकाळ होईल.”

“होऊ दे. डबा आणलाय.”

सराफ बाकाकडे वळला. “मास्तर, द्या तुमची अंगठी.”

“जरा थांबा,” म्हणत मास्तर डबी घेऊन दारात गेले.